पुढे आलेल्या आणि असमान कानांची शस्त्रक्रिया : आरशापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

कान पुढे आलेले आहेत हे कळायला डॉक्टर लागत नाही. ते काम शाळेत शेजारच्या बाकावरचा मुलगा रोज आणि फुकटात करतो. डॉक्टर लागतो तो कान नेमका कोठून पुढे आला आहे हे ओळखायला. ओटोप्लास्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचे यश बव्हंशी या एका निदानावर अवलंबून असते, कारण घडी नसलेल्या कानाला जो उपाय चालतो तो खोल वाटीच्या कानाला चालत नाही, आणि दोन्ही दोष असताना एकच सुधारला तर टाके कितीही सुबक घातलेले असोत, कान विचित्रच दिसतो. म्हणूनच हा लेख रुग्णालयाच्या दारापासून नव्हे, तर घरच्या आरशापासून सुरू होतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. ही शस्त्रक्रिया डोक्याच्या बाजूला दिसणाऱ्या बाह्यकर्णाच्या आकाराची आहे. कानाचा पडदा, त्यामागची नाजूक हाडे आणि ऐकण्याची नस यांना ती हात लावत नाही. त्यामुळे तिच्यामुळे ऐकू येणे सुधारत नाही आणि ती नीट झाली तर बिघडतही नाही. कान जन्मतः अपुरा वाढलेला किंवा जवळजवळ नसलेला असणे, म्हणजेच मायक्रोशिया, हा निराळा विषय आहे. तेथे बरगडीची कूर्चा (हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असा भाग; कानाचा सांगाडाही तिचाच असतो) काढून किंवा कृत्रिम साचा वापरून कान नव्याने घडवावा लागतो, आणि त्याचे नियोजन, वय व धोके सगळेच वेगळे असतात.

पायरी पहिली : आरसा, बोट आणि मोजपट्टी

कानाच्या वरच्या भागावरून बोट आत आत नेले, तर सर्वांत आधी बाहेरची वळलेली कडा लागते. तिच्या आत एक उथळ पन्हळ असते आणि पन्हळीपलीकडे दुसरा उंचवटा लागतो, जो वर जाताना दोन फाट्यांत विभागतो. हा दुसरा उंचवटा म्हणजे कूर्चेला पडलेली घडी. वैद्यकीय भाषेत तिला अँटिहेलिक्स म्हणतात. त्याच्या आत कानाच्या छिद्राभोवतीची वाटी, म्हणजे कोंका, आणि सर्वांत खाली कूर्चा नसलेली मऊ पाळी. कान पुढे येण्याची बहुतेक कारणे याच तीन ठिकाणी सापडतात : घडी पडलेलीच नाही किंवा अर्धवट पडली आहे, वाटी वाजवीपेक्षा खोल आहे, किंवा पाळी एकटीच बाहेर डोकावते.

केस मागे बांधून आरशासमोर उभे राहावे आणि कानाच्या वरच्या कडेला एका बोटाने अगदी हलके मागे दाबावे. दाबताच आत घडी उमटली आणि कान हवा तसा दिसू लागला, तर दोष घडीचा आहे. घडी आधीच ठसठशीत असूनही संपूर्ण कान डोक्यापासून दूर उभा असेल, तर वाटीच कवटीकडे दाबून पाहावी; त्याने फरक पडला, तर दोष वाटीच्या खोलीचा आहे. दोन बोटे लागली, तर दोष दोन आहेत, आणि व्यवहारात असे मिश्र कान वारंवार आढळतात. वरचा भाग दाबलेला असतानाच नजर पाळीवरही टाकावी, कारण वरचा कान मागे गेला की आजवर लक्षात न आलेली पाळी अचानक पुढे आल्यासारखी दिसते. ही साधी तपासणी करून गेलेल्या माणसाला डॉक्टरांचे म्हणणे पहिल्याच भेटीत समजते, आणि डॉक्टरांनी पाळीचा विषय काढलाच नाही तर तो स्वतः काढता येतो.

मोजमाप दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे. कानाची कडा आणि तिच्यामागचे कवटीचे हाड यांच्यातील अंतर सर्वसाधारणपणे वरच्या भागात १० ते १२ मिलिमीटर, मध्ये १६ ते १८ मिलिमीटर आणि खालच्या भागात २० ते २२ मिलिमीटर असते; कान आणि डोके यांच्यातील कोन साधारण २० ते ३० अंशांचा असतो. हे आकडे म्हणजे कायदा नव्हे. चेहरा रुंद असेल, केस दाट असतील, तर २३ मिलिमीटरचा कानही कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि अरुंद चेहऱ्यावर त्याहून कमी अंतरही उठून दिसते.

असमान कानांबाबत अधिक सावध राहावे लागते. कोणाचेही दोन्ही कान तंतोतंत सारखे नसतात, आणि शस्त्रक्रियेनंतरही दोन कानांच्या अंतरात कोणत्याही ठिकाणी ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य धरला जातो. शिवाय एक कान खाली दिसतो तो काही वेळा कानामुळे नव्हे, तर कवटीची किंवा जबड्याची एक बाजू थोडी वेगळी असल्यामुळे. तो फरक कानाच्या शस्त्रक्रियेने जात नाही. एकच कान पुढे आलेला असतानाही शल्यचिकित्सक पुष्कळदा दुसऱ्या कानावर थोडे काम सुचवतात. यात फसवणूक असेलच असे नाही, कारण एकाच कानाला मागे घेऊन दुसऱ्याशी जुळवण्यापेक्षा दोघांना एका मापावर आणणे सोपे जाते. मात्र दुसऱ्या कानाला नेमके काय करणार आणि का, हे विचारून घ्यावे.

छायाचित्रे काढायची असतील तर ती स्वतःची स्वतः काढू नयेत. हाताच्या अंतरावरून काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे होते आणि कान मागे दडतात, त्यामुळे त्यावरून काढलेला कोणताही निष्कर्ष चुकतो. दीड-दोन मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा धरून, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून अशी चार छायाचित्रे काढून ठेवावीत. ती पुढे वर्षभर कामाला येतात.

पायरी दुसरी : वय पाहावे, पण वयापेक्षा इच्छा पाहावी

कानाची वाढ शरीराच्या मानाने फार लवकर आटोपते. तीन वर्षांच्या मुलाचा कान प्रौढ आकाराच्या सुमारे ८५ टक्के भरलेला असतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत तो ९० टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणूनच साधारणपणे पाच ते सहा वर्षांनंतर ही शस्त्रक्रिया करता येते, आणि त्या वयात केल्याने कानाची उरलेली वाढ अडत नाही. वरच्या वयाला मर्यादा नाही. वय वाढते तशी कूर्चा कडक होत जाते, एवढेच. लहान मुलाची कूर्चा नुसत्या टाक्यांनी वळते, तर चाळिशीतल्या माणसाची कूर्चा आधी थोडी कमकुवत करावी लागते.

नवजात बाळांसाठी शस्त्रक्रियेविना एक मार्ग आहे, आणि तो बहुतेक पालकांना मुदत उलटून गेल्यावर कळतो. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाची कूर्चा अतिशय मऊ असते. या संप्रेरकाचे प्रमाण सुमारे सहा आठवड्यांत सामान्य पातळीवर येते. तेवढ्या काळात, शक्यतो पहिल्या तीन आठवड्यांच्या आतच, कानावर योग्य आकाराचा साचा बसवला तर कान काही आठवड्यांत त्या आकाराला येऊ शकतो. हे काम तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. मोठ्या मुलाच्या कानाला रात्री चिकटपट्टी लावून झोपवण्याचा घरगुती उपाय मात्र सोडून द्यावा. तोवर कूर्चेने आपला आकार धरलेला असतो, आणि पट्टीने फक्त त्वचा सोलते.

आता इच्छेचा प्रश्न. पाच वर्षांच्या मुलाला आपल्या कानांचे काही वाटत नसते आणि आईवडिलांना मात्र शाळा सुरू होण्याआधी ते ‘उरकून’ घ्यायचे असते. अशा वेळी थांबण्याने काहीही बिघडत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. मूल स्वतःहून विचारू लागले, टोपी काढायला नकार देऊ लागले, केस कापायला बसेनासे झाले, की मग विषय काढावा. डॉक्टरांनी मुलाला थेट विचारावे, ‘तुला काय आवडत नाही?’ आणि त्या उत्तरात पालकांनी मध्ये पडू नये. हा केवळ मानसशास्त्राचा भाग नाही; ज्याला शस्त्रक्रिया स्वतःला हवी आहे तेच मूल डोक्यावरची पट्टी आठवडाभर शहाण्यासारखी ठेवते, आणि ज्याला नको होती ते तिसऱ्या रात्री ती ओढून काढते. सुपासारखे कान म्हणून चिडवणाऱ्याला काही न करता चिडवल्या जाणाऱ्याच्या कानाला टाके घालायचे, हा न्याय मला उफराटाच वाटतो. तरीही त्या मुलाचे रोजचे दुःख खरे असते, आणि ते दूर करण्याचा उपाय हाताशी असताना केवळ तत्त्वासाठी त्याला थांबवून ठेवणेही योग्य नाही.

प्रौढांनी स्वतःला वेगळा प्रश्न विचारावा. कान मागे गेले म्हणजे नोकरी, लग्न किंवा आत्मविश्वास आपोआप मार्गी लागेल, अशी अपेक्षा असेल तर निराशा ठरलेली आहे. इतरांना दिसतही नसलेल्या मिलिमीटरभर फरकाचा विचार दिवसातले काही तास व्यापत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. अशा अवस्थेत केलेली शस्त्रक्रिया चांगली झाली तरी समाधान देत नाही.

पायरी तिसरी : शल्यचिकित्सकाची भेट

ओटोप्लास्टी प्लास्टिक सर्जन करतात, तसेच चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा तज्ज्ञही करतात. पदवी तपासावी, पण त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे कानाच्या शस्त्रक्रिया ते नियमितपणे करतात का, हे पाहावे. पूर्वी केलेल्या कामाची छायाचित्रे मागताना ती किती दिवसांनी घेतलेली आहेत हे आवर्जून विचारावे. टाके काढल्याच्या दिवशी जवळजवळ प्रत्येक कान चांगला दिसतो. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने कसा दिसतो यात खरे कसब कळते.

आपल्याकडून सांगायच्या गोष्टींत सर्वांत वर वाढलेल्या व्रणांचा इतिहास असावा. कान टोचल्यानंतर, भाजल्यानंतर किंवा लस घेतलेल्या जागी कधी कठीण, खाजरी, जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारी गाठ आली असेल, तर तो केलॉइड असू शकतो. सावळ्या वर्णाच्या त्वचेत हा धोका अधिक असतो आणि कान ही त्याची आवडती जागा आहे. असा इतिहास असताना शस्त्रक्रिया करावीच का, याचा विचार नव्याने करावा लागतो. रक्तस्राव लवकर न थांबण्याचा त्रास, मधुमेह, पूर्वीच्या भुलेचा वाईट अनुभव आणि घेत असलेली प्रत्येक गोळी, अगदी काढे आणि पूरक जीवनसत्त्वे धरून, सांगावी.

विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके असावेत. माझ्या कानात दोष घडीचा आहे की वाटीचा? पाळीचे काय करणार? कूर्चा कापणार, खरवडणार की फक्त टाक्यांनी वळवणार? टाका सुटला किंवा कान पुन्हा पुढे आला तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, म्हणून तो लिहून न्यावा. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा अनेकदा देत नाही, तेव्हा विमा कंपनीचे उत्तरही आधीच आणि लेखी घ्यावे.

पायरी चौथी : पद्धत समजून घेणे

केवळ दिसण्यासाठी पुढे आलेला कान मागे घेण्याची शस्त्रक्रिया एडवर्ड टॅलबॉट ईली यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळातला भर कानामागची त्वचा आणि कूर्चा कापून टाकण्यावर होता. १९१० मध्ये लकेट यांनी मूळ दोष घडी न पडण्यात आहे हे दाखवले, आणि तेव्हापासून या शस्त्रक्रियेचा विचारच बदलला : कान मागे ओढायचा नसतो, तो दुमडायचा असतो. नुसती कानामागची त्वचा काढून कान मागे ठेवण्याचा प्रयत्न टिकत नाही, कारण त्वचा ताणली जाते आणि कूर्चा स्प्रिंगसारखी मूळ जागी परतते.

आज जगभर चालणाऱ्या पद्धती १९६० च्या दशकात रुळल्या. मस्टार्डे यांनी १९६३ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत कानाच्या मागच्या बाजूने, न विरघळणाऱ्या धाग्याचे तीन-चार टाके कूर्चेतून घालून हळूहळू आवळले जातात आणि समोरच्या बाजूस नवी घडी उमटते. टाका कूर्चेच्या पुढच्या आवरणापर्यंत गेला पाहिजे, पण समोरच्या त्वचेतून बाहेर येता कामा नये; कागदाच्या दोन पानांपैकी वरच्या पानाला धक्का न लावता खालचे पान शिवण्यासारखे हे काम आहे. फर्नास यांनी १९६८ मध्ये खोल वाटीसाठी वेगळा टाका सुचवला, ज्यात वाटीची कूर्चा कानामागच्या हाडाच्या आवरणाला बांधून मागे घेतली जाते. हा टाका फार पुढे पडला तर वाटी पुढे सरकते आणि कानाच्या नळीचे तोंड अरुंद होते, म्हणून अनुभवी शल्यचिकित्सक तो बांधल्यावर नळीत डोकावून पाहतो. वाटी फारच खोल असेल तर तिच्यातील कूर्चेची चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी काढावी लागते.

कडक कूर्चेसाठी खरवडण्याचा मार्ग आहे. कूर्चेच्या एका पृष्ठभागावर ओरखडे काढले की ती विरुद्ध बाजूकडे वळते, हे गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये दाखवले. जाड पुठ्ठ्यावर एका बाजूने सुरी फिरवली की तो ओरखडा बाहेर ठेवून सहज दुमडतो, तसेच काहीसे. स्टेनस्ट्रॉम यांनी याच गुणाचा उपयोग करून कूर्चेचा पुढचा पृष्ठभाग खरवडण्याची पद्धत रूढ केली. घडी यात नैसर्गिक येऊ शकते, पण हात जड पडला तर कूर्चा तुटल्यासारखी होऊन समोर धारदार कंगोरा दिसतो, आणि तो पुढे दुरुस्त करणे कठीण असते. टाके चुकले तर सोडवता येतात, कापलेली कूर्चा परत जोडता येत नाही. दोन्ही मार्ग शक्य असतील तेथे मी तरी टाक्यांचा मार्ग आधी विचारात घेईन. चीर न देता त्वचेतूनच टाके घालण्याची पद्धतही आहे. मऊ कूर्चेच्या आणि केवळ घडीचा दोष असलेल्या निवडक कानांना ती चालते, प्रत्येकाला नाही.

पायरी पाचवी : तयारी

धूम्रपान शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी थांबवावे आणि नंतरही तितकेच दिवस टाळावे, कारण कानाच्या त्वचेचा रक्तपुरवठा बारीक वाहिन्यांवर चालतो आणि तंबाखूतील निकोटीन त्याच आखडून टाकते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि रक्त पातळ करणारी औषधे कधी बंद करायची हे डॉक्टरांनी ठरवावे. हृदयासाठी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. सर्दी-ताप असेल किंवा कानाजवळ पुरळ, फोड असेल, तर तारीख पुढे ढकलणे श्रेयस्कर. संपूर्ण भूल असल्यास साधारणपणे सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही वर्ज्य असते, पण रुग्णालयाने दिलेली वेळ अंतिम मानावी. आदल्या रात्री केस धुवावेत, कारण पुढचे काही दिवस ते धुता येणार नाहीत. आणि कपड्यांत पुढून बटणे असलेला सदरा काढून ठेवावा. पट्टी बांधलेल्या डोक्यावरून बनियन किंवा टी-शर्ट ओढून काढण्याची वेळ आली की या एका वाक्याचे महत्त्व पटते.

पायरी सहावी : शस्त्रक्रियेचा दिवस

दोन्ही कानांना मिळून साधारण एक ते दोन तास लागतात. लहान मुलांना संपूर्ण भूल देतात. मोठ्यांना बहुधा कानाभोवती इंजेक्शन देऊन स्थानिक भूल पुरते. त्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि छाती काही क्षण धडधडते. स्थानिक भुलेत वेदना होत नाही, पण काम ऐकण्याच्या अवयवाशेजारीच चालल्याने कात्रीची करकर, कूर्चेवरची खरखर आणि धागा ओढल्याचा आवाज अगदी जवळून ऐकू येतो. याची आधी कल्पना नसेल तर माणूस घाबरतो. ज्यांना ते सहन होणार नाही असे वाटते, त्यांनी झोपेचे औषध किंवा संपूर्ण भूल यांविषयी आधीच बोलावे.

चीर कानामागच्या खाचेत असते. टाके आवळताना शल्यचिकित्सक मोजपट्टीने अंतर पुन्हा पुन्हा मोजतो आणि एका कानाची दुसऱ्याशी तुलना करतो. पुढच्या काही आठवड्यांत कान थोडा सैल होतो हे धरून काही जण सुरुवातीला किंचित जास्त मागे घेतात. शेवटी कानाच्या खाचाखोचांत ओला किंवा मलम लावलेला कापूस बसवून वर पट्टी गुंडाळली जाते. मुलांना या शस्त्रक्रियेनंतर मळमळ आणि उलटी बऱ्याचदा होते, म्हणून परत जाताना गाडीत पिशवी हाताशी ठेवावी. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

पायरी सातवी : पहिले दोन दिवस

या संपूर्ण लेखातील एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही कान ठणकतात, पॅरासिटामॉलने ते दुखणे आटोक्यात येते आणि दर दिवशी थोडे थोडे उतरते. याउलट एकच कान दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त दुखू लागला, दुखणे तासागणिक चढत गेले, गोळीने हटले नाही, पट्टी आतून दाटल्यासारखी वाटू लागली किंवा तिच्यावर ताजे रक्त पसरले, तर त्वचा आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचल्याची शंका घ्यावी. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण तिच्या आवरणातून होते. मध्ये रक्त साचले की ते पोषण तुटते, संसर्गाला जागा मिळते आणि कान कायमचा सुरकुतू शकतो. ही तक्रार सकाळपर्यंत कानामागे टाकू नये. रात्री दोन वाजताही दूरध्वनी करावा, आणि त्यासाठी तो क्रमांक घरी निघण्यापूर्वीच मागून घ्यावा. वेळेत पट्टी सोडून रक्त काढले तर कान बहुधा वाचतो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दुखणे पुन्हा वाढले, कान लाल व गरम झाला, दुर्गंधीयुक्त स्राव आला किंवा ताप चढला, तर तो संसर्ग असण्याचा संभव असतो. संसर्ग कूर्चेपर्यंत पोहोचला तर उपचार लांबतात, म्हणून तेव्हाही वाट पाहू नये.

झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे आणि पाठीवर झोपावे. कुशीवर झोपण्याची सवय असणाऱ्याला हे चार रात्री अवघड जाते; दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर ठेवली की कूस बदलत नाही.

पायरी आठवी : पट्टी सुटल्यावर

मोठी पट्टी काही शल्यचिकित्सक दुसऱ्याच दिवशी काढतात, काही सात-दहा दिवस ठेवतात. न विरघळणारे त्वचेचे टाके साधारण पाच ते दहा दिवसांत निघतात. त्या दिवशी आरशात दिसणारा कान जांभळट, सुजलेला, चकाकणारा आणि डोक्याला चिकटल्यासारखा असतो. मुलांना हे आधी सांगून ठेवावे, कारण इतके सोसल्यावर असा कान पाहून रडू कोसळते. सूज दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ उतरते. अंतिम आकार कळायला मात्र सहा महिने द्यावे लागतात.

पट्टी निघाल्यानंतर चार ते सहा आठवडे रात्री कान झाकणारा मऊ, रुंद हेडबँड घालावा. त्याचे काम कान दाबून आकार देण्याचे नसून झोपेत उशीवर कान पुढे दुमडला जाऊ नये एवढेच आहे. घट्ट बांधला तर तो त्वचेला इजा करतो. बँडखाली बोट सहज सरकले पाहिजे. शाळा किंवा कार्यालयीन काम आठवड्याभरात सुरू करता येते. पोहणे आणि अंगाशी अंग भिडणारे खेळ यांसाठी किमान सहा आठवडे थांबावे, कुस्तीसारख्या खेळासाठी त्याहून अधिक. चष्म्याच्या काड्या चिरेवर टेकू नयेत यासाठी सुरुवातीला चष्मा पट्टीवरून लावावा. हेल्मेट घालताना आणि काढताना कान पुढे ओढला जातो, म्हणून ज्यांना ते टाळणे शक्य नाही त्यांनी काही आठवडे दुचाकी चालवणेच टाळावे. हेल्मेट टाळू नये.

कान बधिर वाटणे, थंड हवेत झोंबणे आणि केस विंचरताना अचानक चमक येणे हे काही महिने चालते. बधिर कानाला गरम हवेचा ड्रायर लागलेला कळत नाही, हे विसरू नये.

उशिरा दिसणारे दोष

मधला भाग जास्त मागे गेला आणि वरचा भाग व पाळी पुढेच राहिली, तर समोरून कान जुन्या दूरध्वनीच्या रिसीव्हरसारखा दिसतो. त्याला टेलिफोन कान असेच नाव आहे. चांगल्या निकालाची एक सोपी खूण अशी की समोरून पाहताना बाहेरची कडा घडीच्या मागे लपलेली नसते, ती थोडी तरी बाहेर दिसते. दोष दिसला तरी पुन्हा शस्त्रक्रियेची घाई करू नये. व्रण मऊ व्हायला आणि सूज पूर्ण जायला वेळ लागतो, म्हणून दुरुस्तीचा निर्णय सहसा सहा महिन्यांपूर्वी घेत नाहीत. त्या वेळी सुरुवातीला काढलेली चार छायाचित्रे त्याच अंतरावरून, त्याच प्रकाशात पुन्हा काढावीत आणि शेजारी ठेवून पाहावीत. नुसत्या आठवणीवर विसंबून केलेली तुलना बहुधा खोटी ठरते.

कानामागच्या रेषेत व्रण जाड आणि खाजरा होऊ लागला तर केलॉइडची वाट न पाहता दाखवावे; सुरुवातीच्या टप्प्यात इंजेक्शनने तो रोखण्याची शक्यता अधिक असते. कायम राहणाऱ्या धाग्यांचे टोक मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनीही, कानामागे टोचऱ्या दाण्यासारखे हाताला लागते किंवा त्वचेतून बाहेर डोकावते. ते नखाने उपटू नये. डॉक्टर ते बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत कापून काढतात, आणि तोवर बराच काळ लोटलेला असेल तर आतल्या व्रणानेच घडी धरून ठेवलेली असते, त्यामुळे धागा निघाला तरी कान बहुतेक वेळा जागच्या जागी राहतो.